सरळची रेघ

एर्लबाख, ११ जानेवारी

एवाल्ड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू टोपलीत टाकायला निघाला असशील, तर जरा थांब. फोनवर माझा आवाज आला की तू खाली ठेवतोस, ते ठीक. पण आलेला कागद न वाचता फेकणं तुझ्याच्याने होणार नाही. लहानपणी तू बाबांना आलेली सरसवाल्याची पत्रंसुद्धा उघडून वाचायचास. शिवाय मोडका खुबा घेऊन बाड एल्स्टरच्या दवाखान्यात पडल्यापडल्या तुला दुसरा उद्योग तरी काय आहे?

बातमी अशी, की तुझ्या वर्कशॉपची किल्ली माझ्या खिशात आहे. चिडू नकोस, मी मागितली नव्हती. मंगळवारी सकाळी मार्गिट माझ्या दारात उभी. डोक्याला रुमाल, पायात तुझे बूट. आपल्या भावाभावांचं बोलणं बंद झाल्यापासून तुझ्या बायकोने माझं दार कधी वाजवलं नव्हतं, म्हणून मला वाटलं, दवाखान्यातून वाईट बातमी आली.

"मेला नाही," माझं तोंड बघून ती म्हणाली. "हाड जुळतंय. तोंड तर पूर्वीसारखंच चालू आहे."

"मग काय हवंय?"

"शेगडी पेटती ठेवायची आहे. वर्कशॉप गार पडलं की सासऱ्यांच्या लाकडाची ती गिटार तडकेल. इतके दिवस मी केलं, आता माझे गुडघे त्या पायऱ्या चढत नाहीत. तू शेजारी आहेस. रोज सकाळी ओंडके टाकायचे, शेगडीवरच्या पातेल्यात पाणी भरायचं आणि कुलूप लावून निघायचं. आणि आर्नो, बाकी कशालाही हात लावायचा नाही. त्याने बजावून सांगितलंय."

"मला सांगते आहेस हे त्याला माहीत आहे?"

"आहे. आधी म्हणाला, गाव ओस पडलंय का? मग म्हणाला, बरं."

त्या 'बरं'वर मी चार दिवस खूश आहे. हसायचं असेल तर हस.

गिटारचं धड खिडकीपासून लांब, दोरीला टांगलेलं आहे, ठणठणीत आहे. बाबांनी जायच्या आदल्या हिवाळ्यात फोडून माळ्यावर ठेवलेल्या स्प्रूस लाकडाच्या फळ्यांची शेवटची जोडी. आपल्या दोघांपैकी कोणालाही तिला करवत लावायचा धीर होत नव्हता. तुला झाला. वरची फळी, पाठ, दोन्ही कुशी, सगळं चिकटवून झालेलं दिसतंय. मानेसाठी खाच पाडायची आणि मान बसवायची तेवढी राहिली. मी बोटाने टकटक करून पाहणार होतो. नाही केली. हात खिशात.

पण डोळे काही खिशात घालता येत नाहीत, एवाल्ड. तुझ्या बाकावर, पुढ्यातच, शिकंज्यात आवळलेलं काय दिसावं? माझा साचा! तुझ्या पन्नाशीला मी करून दिलेला, खाच सरळ पडावी म्हणून. बीच लाकडाची जाड फळी, दोन पितळी पट्ट्या, त्यांच्यामधून करवतीला वाट, आणि पट्ट्या हव्या तशा सरकवायला चार स्क्रू. मला वाटलं होतं तू तो केव्हाच शेगडीत घातलास. मार्कनॉयकिर्शेनच्या सगळ्या वाद्य बनवणाऱ्यांसमोर, बिअरचा पेला वर करून, तूच ना म्हणाला होतास? "आमचा आर्नो कुबड्या करतो. ज्यांना हात नाहीत त्यांच्यासाठी!" टेबलं बडवून हसले होते सगळे. त्यावर मीही काहीतरी बोललो होतो, ते राहू दे. सांगायचं एवढंच, की कुबडी तुझ्या बाकावर आहे आणि तिच्या फळीवर तुझ्या मनगटाच्या घामाचा डाग पडलाय. म्हणजे वापर रोजचा. मी काही बोलणार नाही. एवढं बोललो ते बोललो.

बाकी शेगडीत आधी तुकड्यांची पेटी रिकामी करतोय, मार्गिट म्हणाली ते जाळायचेच असतात. त्यातला एक तुकडा मात्र उत्तरेच्या खिडकीच्या फटीत ठोकून बसवला, फार खडखडत होती. हात लावला म्हणायचा तर एवढाच.

आर्नो


एर्लबाख, २० जानेवारी

एवाल्ड,

उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. पण मार्गिट रविवारी तुझ्याकडून परतली ती कुंपणाशीच थांबून म्हणाली, "तो विचारतोय, काही हलवलंस का?"

तिला सांगितलं ते तुलाही लिहून देतो: नाही. काहीही हलवलेलं नाही. शेगडी, पाणी, कुलूप. तुझ्या पटाश्या ज्या क्रमाने टांगल्या आहेत त्याच क्रमाने टांगलेल्या आहेत. सरसाच्या भांड्यात तू ब्रश तसाच वाळवलायस, तोही तसाच आहे, खरं तर लाज वाटायला हवी. माझ्यावर भरवसा नसेल तर येऊन बघ.

साच्यावर धूळ बसली होती, ती फडक्याने पुसली. पुसणं म्हणजे हात लावणं नव्हे.

इकडे माझं बरं चाललंय. फिनलंडच्या एका बाईला कुशी वाकवायचा मोठा साचा पाठवला, तिचं आभाराचं पत्र आलं. एकच साचा, स्क्रू फिरवले की पोराच्या गिटारलाही चालतो आणि मोठ्या गिटारलाही, याचं तिला फार अप्रूप. पण सगळी गिऱ्हाइकं अशी नसतात. माणसं साचा नेतात आणि पट्ट्या कशाही पिळून ठेवतात. मी प्रत्येक साच्यावर तापल्या सळीने रेघ उमटवून देतो, तुला माहीत आहे. पट्टी त्या रेघेवर आणली की काटकोन, डोळे मिटून. एवढं सोपं करून दिलं तरी लोकांना जमत नाही. माझ्या हातून गेलेला साचा वाकडा लावलेला दिसला की मला घास गिळवत नाही. बघणारा काय म्हणेल? आर्नोचा साचा वाकडा. तो काही स्क्रू कोणी फिरवला हे विचारायला जाणार नाही.

तुझ्याबद्दल बोलत नाहीये. आपलं साधारण सांगतोय.

पेटीतले तुकडे संपले, आता सरपणच टाकतोय. तू पुढच्या शनिवारी येणार म्हणे. ये. सगळं नीट मिळेल. नीट म्हणजे जसंच्या तसं.

आर्नो


एर्लबाख, ३ फेब्रुवारी

एवाल्ड,

हे तुझ्याच पत्रपेटीत टाकतोय. मधे एक भिंत असताना टपालखात्याला कशाला त्रास?

शनिवारी तुला गाडीतून उतरताना पाहिलं. बारीक झालायस. बगलेत दोन कुबड्या. माझ्या मनात काय आलं असेल ते तुला कळलंच असेल, पण देवाशपथ, तेव्हा हसू आलं नाही.

काल लिश्टमेस, नाताळ आवरून ठेवायचा दिवस. सकाळी मार्गिटने खिडकीतला तो शेवाळाचा म्हातारा बाहुला आणि नाताळच्या मेणबत्त्या काढून ठेवल्या. बाबा या दिवशी दुपारच्या जेवणानंतर वर्कशॉपमधला दिवा मालवायचे आणि म्हणायचे, "आता संध्याकाळपर्यंत सूर्य पुरतो. अवघड काम आज." तू आजही तेच करणार हे मला माहीत होतं. दुपारी पायऱ्यांवर कुबड्या वाजल्या. मी माझ्या बाकाशी उभा होतो, भिंतीला कान लावून नव्हे, पण जवळच.

करवत सुरू झाली. तुझी करवत मी झोपेतही ओळखीन. छान चालली होती, मग आवाज जड झाला, मग थांबला. पुन्हा सुरू होईल म्हणून मी वाट पाहिली. नाही झाली. हातोडी नाही, रंधा नाही, खोकला नाही. मग कुबड्या खाली उतरल्या.

अंधार पडायच्या आधी मार्गिट आली. हातातल्या ताटलीत बटाट्याची धिरडी, पार गार झालेली. "त्याने हात लावला नाही, तू खा," म्हणाली आणि खुर्चीत बसून रडायला लागली. मी त्या बाईला बाबांच्या दफनालाही रडताना पाहिलं नव्हतं.

"खाच तिरकी गेली," ती म्हणाली. "धडात. कुशीतून वरच्या फळीपर्यंत फाटली. त्याने ते धड उचललं आणि सरपणावर नेऊन ठेवलं, आर्नो. फेकलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. नीट ठेवलं. म्हणाला, माझा हात गेला."

"एका खाचेवरून हात जातो होय?"

"एका खाचेवरून नाही." मग तिने सांगितलं. तुझा उजवा हात गेली तीन वर्षं थरथरतो. पेला उचलताना, गुंडी लावताना. बाहेर कोणाला कळू नये म्हणून तू खानावळीत जाणं सोडलंस. आणि मी इथे लोकांना सांगत होतो, मोठा माणूस झालाय, आमच्यात बसायला लाज वाटते. "तरी काम करत होता," ती म्हणाली. "एकही खाच वाकडी जात नव्हती. दवाखान्यात रिकाम्या हाताने पडून राहिला, तेवढ्यात गेलं सगळं. निदान तो तसं म्हणतोय. तू तरी काही बोल त्याच्याशी."

म्हणून बोलतोय. हे बघ, लाकूड जुनं होतं. बाबांनी फोडलं तेव्हाच त्यात पीळ असेल. वीस वर्षं माळ्यावर पडलेली फळी करवतीला कशी ओढून नेते ते तुला मी सांगायला नको. शिवाय या दिवसांत हवा कोरडी. मी पाणी भरत होतो, पण कोरडीच. दोष लाकडाचा, हाताचा नाही. असं कोणाच्याही हातून झालं असतं. मनाला लावून घेऊ नकोस.

धिरडी मी खाल्ली. खायला नको होती.

आर्नो


एर्लबाख, ६ फेब्रुवारी

एवाल्ड,

परवाच्या पत्रातलं लाकडाबद्दलचं सगळं खोटं आहे. बाबांच्या लाकडात पीळ नव्हता. मेलेल्या माणसाच्या लाकूड पारखणाऱ्या डोळ्यावर मी ठपका ठेवला, कारण जिवंत माणसाचं नाव घ्यायची हिंमत नव्हती.

आज सकाळी मार्गिट साचा घेऊन आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "प्लाउएनचा जुन्या सामानाचा व्यापारी शनिवारी येतोय," ती म्हणाली. "बाक, रंधे, लाकूड, सगळं नेणार आहे. हा तुझा आहे म्हणून तुला परत द्यायला सांगितलंय. आणि किल्ली दे."

मी साचा घेतला. तो हातात असतानाच ती बोलत राहिली, आणि जे बोलली ते तुला जसंच्या तसं सांगतो.

"त्याचा हात थरथरायला लागला तेव्हा एक अख्खा हिवाळा त्याने तुझ्या या साच्यापाशी काढला. दार आतून लावून घ्यायचा. हात हलू नये म्हणून तो मनगट फळीवर दाबून धरतो, मग करवत उजवीकडे कलते. जेवढी ती उजवीकडे कलते तेवढी पट्टी डावीकडे. स्क्रू जरासा फिरवायचा, तुकडा कापायचा, बघायचा, फेकायचा. पुन्हा जरासा. पेटीच्या पेट्या भरल्या. एक दिवस खाली आला आणि म्हणाला, मार्गिट, जमलं. हात वाकडा, साचा वाकडा, खाच सरळ. त्यानंतर त्या स्क्रूंना त्यानेसुद्धा हात लावला नाही."

मी साच्याकडे बघत होतो. दोन्ही पट्ट्या रेघेवर होत्या. अगदी बरोबर. मीच आणल्या होत्या.

आता ऐक. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोनच दिवसांनी. ओंडके टाकले, पाणी भरलं, आणि निघताना बाकावर ऊन आलं. त्या उन्हात दिसलं की तुझी उजवी पट्टी रेघेपासून सुटली आहे. नखाएवढी. आणि मला आनंद झाला, एवाल्ड. हे लिहिताना हात जड होतोय, पण आनंदच झाला. एवढा मोठा हातवाला, आणि साचासुद्धा सरळ लावता येत नाही! खिशातून काटकोन तपासायचा गुण्या काढला. तो माझ्या खिशात असतोच, बाकीची माणसं रुमाल ठेवतात तसा. स्क्रू सैल केले, पट्टी रेघेवर आणली, कोपऱ्यात गुण्या टेकवला, उजेड दिसेनासा झाला तेव्हा स्क्रू आवळले. शीळ घालत होतो. मनात म्हटलं, आता बसेल त्याची मान सरळ, आणि कोणाच्या कृपेने ते त्याला कळणारसुद्धा नाही. तुला न कळता तुझ्यावर उपकार करायची ती मजा होती.

मग तू विचारायला पाठवलंस, काही हलवलंस का, आणि मी 'नाही' लिहिलं. तेव्हा 'हो' लिहिलं असतं तर एवढ्यावरच भागलं असतं. तू मला चार शिव्या घातल्या असत्यास, पुन्हा तुकडे कापून पट्टी जुळवली असतीस. पण चूक केली असं मला वाटतच नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की हात लावायचा नाही म्हटलेलं असताना लावला, तर उगीच बोलणी कशाला खा.

त्यात आणखी एक. अवघड काप घ्यायच्या आधी तू तुकड्यावर करवत चालवून बघतोस. परवा का नाही बघितलीस, हे मला कळेना. मग आठवलं. पेटी रिकामी होती. तुकडे सगळे मीच जाळले होते.

मी मार्गिटला विचारलं, "त्याला शंकासुद्धा आली नाही? स्क्रू कोणी फिरवले असतील, असं?"

"मीच म्हटलं त्याला, एकदा बघ तरी," ती म्हणाली. "तर माझ्यावरच खेकसला. म्हणाला, आर्नोने लिहून दिलंय हात लावला नाही म्हणून. आर्नो बढाईखोर आहे, डोक्यात जातो, पण खोटं बोलत नाही."

एवाल्ड, मी साचा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं आहे, आणि ते तोंडाने जमणार नाही म्हणून हा कागद.

किल्ली द्यायला म्हणून तिच्याबरोबर वर गेलो तेव्हा उत्तरेच्या खिडकीतला तो तुकडा उपसून काढला. तुझ्या पेटीतला तेवढाच उरला होता. मेपलचा, एका टोकाला तुझ्या करवतीने पाडलेली खाच असलेला. तुझ्या थरथरत्या हाताने, तुझ्या वाकड्या साच्यात. खिडकीशी धरून त्याला गुण्या लावला. एका बाजूने लावला, दुसऱ्या बाजूने लावला, खाचेच्या तळाशी लावला. कुठेही उजेड नाही. मी उभ्या जन्मात इतका सरळ काप घेतलेला नाही, साच्यानेसुद्धा नाही.

म्हणजे तुझा हात गेलेला नाही. लिश्टमेसलाही तो होता तसाच होता, गेल्या वर्षी होता तसाच. गेली ती पट्टी, आणि ती मी हलवली. गेला तो माझा शब्द.

आणि ते, जे पहिल्या पत्रात 'राहू दे' म्हणून सोडून दिलं होतं. तू कुबड्या म्हणालास, सगळे हसले, तेव्हा मी उठून म्हणालो होतो, "तुझे हात थरथरायला लागतील ना, तेव्हा माझ्याच दारात येशील रांगत." आठवतंय ना? तुला विसरता येणं शक्य नाही. हात खरंच थरथरायला लागला तेव्हा तू जगात कोणालाही सांगू शकला असतास, एका मलाच नाही. एक अख्खा हिवाळा तू एकट्याने चाचपडत काढलास. मी भिंतीपलीकडे होतो. हे चार स्क्रू मी केलेत. मला हाक मारली असतीस तर दोघांनी बसून आठवड्यात जमवलं असतं. मी तुझी हाकच बंद करून ठेवली होती.

साचा या पत्राबरोबर पायरीवर ठेवतोय. पट्टी होती तिथे परत नेऊन लावायचा खूप प्रयत्न केला. जमत नाही. नखाएवढी म्हटलं, पण कोणाच्या नखाएवढी? किती कललेली? ते माप माझ्याकडे नाही, कुठल्याच गुण्याकडे नाही. ते फक्त तुझ्या मनगटाला माहीत आहे. तेव्हा मी मला येतं तेवढं केलंय. स्क्रूची डोकी काढून नासपतीच्या लाकडाची मोठी डोकी बसवली आहेत, मुठीत धरता येतील अशी, म्हणजे बोटांना चिमटीत धरावी लागणार नाहीत. आणि फळीवरची रेघ रंधून काढली. इतकी वर्षं मी त्या रेघेशिवाय एकही साचा दाराबाहेर जाऊ दिला नव्हता. या साच्यावर आता सरळची खूण नाही. तुझा हात म्हणेल तिथे सरळ.

बरोबर मेपलच्या तुकड्यांची पेटी आहे. माझ्याकडचं उत्तम मेपल कापलंय, जाळायचं नव्हे.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही मागायचा माझा हक्क नाही. फक्त शनिवारी त्या माणसाला परत पाठव. माझ्यावर राग म्हणून का होईना, पण पाठव. धड सरपणावरून मार्गिटने तेव्हाच उचललंय, तुझ्याच पलंगाखाली आहे. तिने सांगू नको म्हटलं होतं, पण यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा तिची बोलणी मी खाईन.

आर्नो


एर्लबाख, १७ फेब्रुवारी

एवाल्ड,

त्या शनिवारी प्लाउएनवाल्याची गाडी आली, उभी राहिली आणि रिकामीच गेली. मार्गिटने त्याला कॉफी आणि नाताळच्या केकचा शेवटचा वाळका तुकडा देऊन वाटेला लावला म्हणे. मला एवढंच कळलं, तेही पोस्टमनकडून. मार्गिट माझ्याशी बोलत नाही. कुंपणाशी समोरासमोर आलो तर मान फिरवून गेली. बरोबर आहे. पलंगाखालच्या धडाचंही असेल, पण मुख्य ते नव्हे.

त्यानंतर भिंतीपलीकडे शांतता. मी रोज बाकाशी उभा राहायचो आणि माझ्याही हातून काही काम होत नव्हतं. फिनलंडच्या बाईची आणखी एक मागणी आली आहे, तशीच पडून आहे. रेघ उमटवायची सळी शेगडीत तापवतो आणि तशीच गार होऊ देतो.

गुरुवारी दुपारी तुझी करवत वाजली. थोडी वाजली आणि थांबली. पण मग पुन्हा वाजली. मग स्क्रूचा किरकिर आवाज, मग पुन्हा करवत. काल दिवसभर तेच. मी जेवायला घरातसुद्धा गेलो नाही. तिथेच बसून पाव खाल्ला आणि ऐकत राहिलो. तू मधेच एकदा जोरात शिवी दिलीस. माझ्या नावाने होती, स्पष्ट ऐकू आली. इतक्या वर्षांनी माझं नाव तुझ्या तोंडून ऐकलं.

आज सकाळी दार उघडलं तर पायरीवर मेपलचा तुकडा. मी दिलेल्या पेटीतलाच. त्यात एक खाच. चिठ्ठी नाही. हाक नाही. बर्फात कुबड्यांच्या खुणा, माझ्या दारापर्यंत आलेल्या आणि परत गेलेल्या.

तुकड्यावर पेन्सिलीने एकच शब्द आहे. अक्षरं इतकी थरथरलेली की मी तो आधी बोट फिरवून वाचला. 'सरळ.'

गुण्या माझ्या खिशात होता, आताही आहे. मी तो काढला नाही. तुकडा टेबलावर ठेवलाय, तुझा शब्द वरच्या बाजूला करून. तू लिहिलंयस ना.

आर्नो